उपाशी चोराचे देणे कोणी फेडावे?

शास्त्रपाठ : लेवीय १९:९-११, नीतिसूत्रे ६:३०-३१, फिलेमोन १७-१९

एखाद्या दुकानात एखादी बाई पदराखाली तांदळाची पिशवी किंवा लहान मुलाच्या दुधाच्या पावडरीचा डबा लपवताना पकडली जाते. दुकानदार ओरडतो, गर्दी जमते, आणि गर्दीतून दोन प्रकारचे आवाज उठतात. एक म्हणतो, "सोडून द्या हो, पोटासाठीच केलं तिनं." दुसरा म्हणतो, "आज सोडाल तर उद्या चार येतील." आपण ख्रिस्ती माणसे त्या गर्दीत असलो तर कोणत्या बाजूला उभे राहू? दोन्ही बाजूंचे म्हणणे थोडेथोडे खरे वाटते, आणि म्हणूनच बहुधा आपण काहीही न बोलता आपली पिशवी उचलून घरी येतो.

पोटासाठी केलेली चोरी दयेला पात्र आहे काय, हा प्रश्न मंडळ्यांच्या तरुण संघांत चर्चेसाठी हमखास निघतो. चर्चा रंगते, प्रार्थना होते, चहा होतो. या लेखात तोच प्रश्न पवित्र शास्त्राच्या उजेडात पाहावयाचा आहे. आणि शास्त्राबरोबरच तंजावर येथे सव्वादोनशे-अडीचशे वर्षांपूर्वी घडलेल्या दोन गोष्टींकडेही आपण वळणार आहोत. व्यंकोजीराजांनी तेथे भोसल्यांचे राज्य स्थापिले आणि ते १८५५ पर्यंत टिकले, म्हणून तंजावर मराठी मनाला परके नाही. मराठी ख्रिस्ती वाचकाला तर ते दुहेरी नात्याने जवळचे असावे.

प्रथम 'पात्र' हा शब्दच तपासून पाहू. दया ही पात्रता पाहून द्यावयाची असती, तर आपल्यापैकी कोणाच्या वाट्याला ती आली असती? आपण पापी असतानाच ख्रिस्त आपल्याकरिता मरण पावला असे प्रेषित पौल रोमकरांस सांगतो. जी पात्रतेने मिळते ती मजुरी होय. तेव्हा ती बाई दयेला पात्र आहे काय, या प्रश्नाला सुवार्तेच्या हिशेबात फारसा अर्थ उरत नाही. मात्र एवढे म्हणून मोकळे होता येत नाही, कारण ज्याचा माल गेला तो दुकानदार समोर उभा आहे. दया आपण करावयाची आणि नुकसान त्याने सोसावयाचे, हा व्यवहार फार सोयीचा आहे. दुसऱ्याच्या खिशातून केलेली दया देवाच्या घरी कोणाच्या नावे जमा होईल?

नीतिसूत्रांच्या सहाव्या अध्यायात शलमोन या प्रकरणाचा उल्लेख करतो. तेथे मूळ विषय व्यभिचाराचा आहे, आणि व्यभिचारी माणसाचा अपराध किती घोर आहे हे दाखविण्यासाठी तो भुकेल्या चोराशी तुलना करतो. तो म्हणतो की जो भूक भागविण्यासाठी चोरी करतो त्याचा लोक तिरस्कार करीत नाहीत. आपल्यापैकी पुष्कळांना हे अर्धे वचन ठाऊक असते आणि तेथेच थांबावेसे वाटते. पण पुढील ओळ लगेच येते : सापडला तर त्याने सातपट भरून द्यावे, घरातील सर्व चीजवस्तू द्यावी लागली तरी द्यावी. मोशेच्या नियमशास्त्रात सामान्य चोरीबद्दल दुप्पट, मेंढराबद्दल चौपट आणि बैलाबद्दल पाचपट भरपाई सांगितली आहे. येथे तर सातपट! आणि ज्याच्या घरात दाणा नाही म्हणून तो चोरीला निघाला, त्याच्या घरातून हे सातपट कोठून निघणार? शास्त्र एकाच श्वासात दोन गोष्टी बोलते : त्या माणसाला तुच्छ लेखू नका, आणि त्याचे देणे मात्र खरे देणे आहे. या दोहोंपैकी एक सोडून दुसरे धरणे हा आपला जुना खोडसाळपणा आहे. कोमल मनाचे लोक पहिले धरतात, कडक शिस्तीचे लोक दुसरे.

आता लेवीयच्या एकोणिसाव्या अध्यायाकडे वळू. "चोरी करू नका" ही आज्ञा येथे अकराव्या वचनात पुन्हा सांगितली आहे. परंतु तिच्या अगदी अगोदरची दोन वचने कशाविषयी आहेत? शेताची कापणी करिताना बांधाच्या कोपऱ्यापर्यंत सगळे कापू नये, पडलेला सरवा वेचू नये, द्राक्षमळा झाडून नेऊ नये. ते सर्व गरिबासाठी आणि परदेशीयासाठी राहू द्यावे. त्यानंतर चोरीची मनाई येते. हा क्रम मला फार अर्थपूर्ण वाटतो. परमेश्वर प्रथम ज्याच्याजवळ शेत आहे त्याच्याशी बोलतो आणि नंतर ज्याच्याजवळ शेत नाही त्याच्याशी. आपली पद्धत नेमकी उलटी आहे. आपण उपाशी माणसाला आधी आठवी आज्ञा शिकवितो, आणि कोपऱ्याची गोष्ट वेळ उरला तर काढतो.

हा सरवा भीक नव्हता हेही ध्यानात घ्यावे. रूथ बवाजाच्या शेतात गेली ती वाकून कणसे वेचण्यासाठी गेली, दिवसभर उन्हात राबली, आणि संध्याकाळी स्वतःच्या हाताने झोडून काढलेले सातू घेऊन सासूकडे परतली. तिला कोणी चोर म्हटले नाही. बवाजाने आपल्या गड्यांना तर असेही सांगितले की पेंढ्यांतून काही कणसे मुद्दाम गळू द्या. मदत घेणारीची मान खाली जाऊ नये म्हणून देणाऱ्याने असा विसरभोळेपणा करावा, ही कला आता दुर्मीळ होत चालली आहे. हल्ली पाच किलो तांदळाची पिशवी देताना पाच जण छायाचित्रासाठी उभे असतात.

अनुवादाच्या तेविसाव्या अध्यायात याहून बारीक नियम आहे. शेजाऱ्याच्या शेतातून जाताना हाताने कणसे तोडून खाण्यास हरकत नाही, पण त्याच्या उभ्या पिकाला विळा लावू नये. द्राक्षे पोटभर खावी, पण भांड्यात भरून नेऊ नयेत. हात आणि विळा यांच्यातील हे अंतर म्हणजे भूक आणि लोभ यांच्यातील अंतर होय. मार्काच्या दुसऱ्या अध्यायात प्रभू येशूचे शिष्य शेतातून जाताना कणसे मोडू लागले तेव्हा परूश्यांनी आक्षेप घेतला, तो शब्बाथ मोडल्याचा. एवढे काटेकोर लोक, पण शिष्यांनी चोरी केली असे त्यांच्यापैकी एकही जण म्हणाला नाही! परक्याच्या शेतातील मूठभर दाणे भुकेल्याचेच आहेत, हे त्यांनाही मान्य होते. प्रभूने तर त्याहून पुढे जाऊन दाविदाचा दाखला दिला : तो व त्याचे सोबती भुकेले असता याजकांखेरीज कोणी खाऊ नयेत अशा समर्पित भाकरी त्याने खाल्ल्या. तेराव्या शतकातील ख्रिस्ती पंडित थॉमस अक्वायनस याने तर असे प्रतिपादिले की गरज उघड आणि तातडीची असेल, दुसरा उपायच नसेल, तर जीव वाचविण्यासाठी परक्याचे घेणे याला खऱ्या अर्थाने चोरी म्हणता येत नाही.

येथे एक सावधगिरी बाळगली पाहिजे. भूक लागली की माणूस चोरी करतोच असे समजणे हा गरिबांचा घोर अपमान आहे. तुमच्याआमच्या वस्तीत अशा किती विधवा आहेत ज्या पेजेत आणखी एक तांब्या पाणी ओततात, मुलांना आधी वाढतात आणि शेजारणीने विचारले तर "आमचं झालं जेवण" असे सांगतात! त्यांच्या हातून कधी वाण्याचा दाणाही इकडचा तिकडे झालेला नाही. चोरी करणाऱ्या भुकेल्याबद्दल आपण फार हळवे होऊन बोललो तर त्या मायबहिणी आपल्याकडे पाहून विचारतील, "आम्ही चोरी केली नाही, म्हणून का आमच्याकडे कोणी आले नाही?" या प्रश्नाला माझ्याजवळ उत्तर नाही. बहुतेक मंडळ्यांजवळही नसावे. नीतिसूत्रांच्या तिसाव्या अध्यायात आगूर देवाजवळ मागतो की मला दारिद्र्य देऊ नको, नाहीतर मी चोरी करीन आणि तुझ्या नावाला बट्टा लावीन. एवढा सुज्ञ मनुष्य, पण स्वतःच्या प्रामाणिकपणाची ग्वाही उपाशीपोटी देण्यास तयार नाही! प्रभूने शिकविलेल्या प्रार्थनेतही रोजच्या भाकरीची मागणी प्रथम आहे. ऋणांची क्षमा आणि परीक्षेपासून सुटका त्यानंतर.

आणि दुकानदार? तो काही दरवेळी पोट सुटलेला सावकार नसतो. गल्लीतला वाणी दिवसाचे चौदा तास गल्ल्यावर बसतो, उधारीची वही सांभाळतो, महिनाअखेरीस अर्धी उधारी बुडते, आणि त्याच्याही घरी शाळेची फी भरावयाची असते. त्याचा डबा चोरीला गेला तर त्याचा तोटा खरा आहे. मोठ्या चकचकीत बाजारातून डबा गेला तरी काही ठिकाणी तो तोटा तेथे उभ्या असलेल्या पगारी मुलीच्या माथी मारला जातो, हेही विसरू नये. म्हणून 'एवढे काय बिघडले' असे म्हणण्याचा अधिकार ज्याचे बिघडले त्याचाच आहे.

आता तंजावरला जाऊ. कावेरीच्या मुखाकडील तो प्रदेश म्हणजे दक्षिणेतील भाताचे कोठार. जिकडे पाहावे तिकडे पाटाचे पाणी आणि हिरवी खाचरे. तरीही १७८० मध्ये हैदर अलीचे आणि इंग्रजांचे युद्ध पेटले, हैदरच्या फौजांनी मुलूख उद्ध्वस्त केला, आणि तंजावरचा किल्ला उपासमारीने पडण्याची वेळ आली. तेव्हा गादीवर तुळजाजीराजे होते. १७५० मध्ये हिंदुस्थानात आलेला जर्मन मिशनरी ख्रिस्तियान फ्रेडरिक श्वार्ट्झ त्या काळी तंजावरात राहत होता, आणि त्याने त्या दिवसांचे जे वर्णन लिहून ठेविले आहे ते अंगावर काटा आणणारे आहे. शिपाई भुकेने मेल्यासारखे कोसळत होते. सकाळ झाली की रस्त्याच्या दोन्ही कडांना प्रेते दिसत.

नवल असे की मुलखात धान्य होते. ते किल्ल्यात आणण्यासाठी बैल मात्र मिळत नव्हते. का मिळत नव्हते? यापूर्वी बऱ्या दिवसांत रयतेकडून काम करून घेऊन तिची मजुरी मधल्या दुभाष्यांनी आणि कारभाऱ्यांनी गिळली होती. म्हणून या वेळी राजाची आज्ञा झाली, विनवणी झाली, तरी लोक आपली गुरे हाकून दूर निघून गेले. आधी चोरी झाली ती रयतेची, आणि किल्ल्यातील उपासमार हे त्या चोरीचे फळ होते. भुकेल्याच्या हातून घडणाऱ्या चोरीपाशी आपण थबकतो. तिच्यामागे उभी असलेली, वहीखात्यात आणि हुकूमनाम्यात दडलेली चोरी आपल्याला सहसा दिसत नाही.

शेवटी तुळजाजीराजांनी कबूल केले की आपली आणि इंग्रजांची, दोघांचीही पत गेली आहे. आता लोक या पाद्र्यावर विश्वास ठेवतात का ते पाहावे. त्यांनी श्वार्ट्झकडे कोरा कागद पाठविला आणि रयतेशी योग्य वाटेल तो करार करण्याचा अधिकार त्याला दिला. श्वार्ट्झने आसपासच्या गावी पत्रे धाडली : प्रत्येकाची मजुरी मी स्वतःच्या हाताने देईन, आणि शत्रूने बैल नेला तर त्याचीही किंमत भरून देईन. एकदोन दिवसांत हजाराहून अधिक बैल आले. मंडळीतील एक उपदेशक आणि इतर ख्रिस्ती माणसे जीव मुठीत धरून बाहेर गेली आणि थोड्याच अवधीत ऐंशी हजार कलम धान्य किल्ल्यात घेऊन आली. कलम हे तिकडील धान्याचे माप. संकट टळल्यावर श्वार्ट्झने ठरल्याप्रमाणे प्रत्येकाचे पैसे चुकते केले, वर थोडे बक्षीस दिले आणि त्यांना घरी पाठविले.

वाचकहो, या गोष्टीत श्वार्ट्झला दुसरा मार्ग नव्हता असे नाही. माणसे मरत आहेत, मुलखात धान्य आहे, तेव्हा शिपाई पाठवून ते ओढून आणा, असे म्हणता आले असते. युद्धात असेच करतात. उपाशी माणसाचा जीव मोठा की शेतकऱ्याची मालकी, असा वाद घालून जबरदस्तीला धर्माचा आधारही सापडला असता. पण त्याने भुकेल्याला जेवू घातले आणि ज्याचे धान्य त्याला किंमतही दिली. या दोहोंमध्ये जी दरी होती ती त्याने आपल्या शब्दाने आणि आपल्या नावाने भरून काढली.

येथे मला पौलाचे फिलेमोनास लिहिलेले पत्र आठवते. अनेसिम हा फिलेमोनाचा पळून गेलेला दास. त्याने जाताना धन्याचे काही नेले होते की काय हे पौल स्पष्ट सांगत नाही, पण त्याच्या लिहिण्यावरून तशी शंका येते. पौल फिलेमोनाला असे म्हणत नाही की जाऊ दे, तू श्रीमंत आहेस, तुला काय कमी आहे. अनेसिमाने काही केले नाही असेही तो म्हणत नाही. तो सांगतो की त्याचे काही देणे असेल तर ते माझ्या नावे लिही. आणि ही हमी आपण स्वतःच्या हाताने लिहीत आहो, आपण फेड करू, असे वचनही देतो. तुरुंगातील एक म्हातारा कैदी दुसऱ्याचे कर्ज अंगावर घेतो! वधस्तंभावर जे घडले त्याचीच ही छोटी प्रत आहे. आपले देणे रद्द झाले याचा अर्थ ते कोणीच भरले नाही असा नाही. ते भरले गेले, आणि ते कोणी भरले हे आपण प्रत्येक प्रभुभोजनाच्या वेळी आठवतो.

मग त्या दुकानातील गर्दीत आपले स्थान कोणते, हे सांगावयास नको. "सोडून द्या" म्हणणारा आणि "पकडून द्या" म्हणणारा, दोघेही हात खिशाबाहेर ठेवून बोलत असतात. तिसऱ्या माणसाची जागा अजून रिकामी आहे. तो गल्ल्यापाशी जातो आणि विचारतो, "किती झाले?" सातपट त्या बाईला शक्य नाही. एकपट आपल्याला शक्य आहे.

पण येथे माझे समाधान होत नाही, आणि तुमचेही होऊ नये. श्वार्ट्झला जी मूळ चोरी दिसली ती अजून शिल्लक आहे. याकोब आपल्या पत्राच्या पाचव्या अध्यायात धनवानांना खडसावतो की ज्यांनी तुमची शेते कापली त्यांची अडवून ठेवलेली मजुरी ओरडत आहे, आणि कापणी करणाऱ्यांचा आक्रोश सेनाधीश परमेश्वराच्या कानी पोहोचला आहे. त्याच तंजावर जिल्ह्याच्या पूर्व भागात, आता नागपट्टिनमकडे असलेल्या कीळवेणमणी नावाच्या खेड्यात, भात कापणारे दलित मजूर मजुरीत थोडी वाढ मागत होते. २५ डिसेंबर १९६८ च्या रात्री हल्लेखोर आले, जीव वाचविण्यासाठी माणसे एका झोपडीत शिरली, आणि ती झोपडी पेटवून देण्यात आली. चव्वेचाळीस माणसे जळून मेली. त्यांत बहुतेक स्त्रिया, मुले आणि म्हातारी माणसे होती. ज्या जमीनदारांवर खटला चालला ते उच्च न्यायालयात निर्दोष सुटले. ती नाताळची रात्र होती. आपल्या घरी त्या रात्री करंज्या आणि केक होते, देवळांत घंटा वाजत होत्या. भाताच्या कोठारात भात पिकविणाऱ्याने मापभर भात अधिक मागितले तर त्याला ही किंमत द्यावी लागली. अशा मुलखात एखाद्या मजुराच्या मुलाने खळ्यावरून ओंजळभर भात उचलले असते तर त्याला चोर कोणी म्हणावे?

जगातील न्यायासने या बाबतीत हळूहळू सौम्य होत चालली आहेत. इटलीत एका बेघर मनुष्याने जेनोआच्या दुकानातून थोडे चीज आणि सॉसेज उचलले. किंमत चार युरोंच्या आसपास. खालच्या न्यायालयांनी त्याला शिक्षा दिली, पण २०१६ मध्ये तेथील सर्वोच्च न्यायालयाने तातडीच्या भुकेपोटी थोडेसे अन्न घेणे हा गुन्हा होत नाही असे ठरवून त्याला मुक्त केले. आपल्या देशात १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत साध्या चोरीच्या कलमात एक नवी तरतूद आली आहे : माल पाच हजार रुपयांहून कमी किमतीचा असेल, गुन्हा पहिलाच असेल आणि माल किंवा त्याची किंमत परत केली असेल, तर समाजसेवेची शिक्षा द्यावी. वाचताना मला नीतिसूत्रांतील ती दोन वचने आठवली. तिरस्कार नको, पण भरपाई हवी.

कायदा सौम्य झाला, तरी गर्दी सौम्य झालेली नाही. केरळातील अट्टप्पाडी येथे फेब्रुवारी २०१८ मध्ये तांदूळ व खाण्याचे जिन्नस चोरल्याच्या संशयावरून एका आदिवासी तरुणाला लोकांनी रानातून पकडून आणले, हात बांधले, मारहाण केली आणि त्याच्याबरोबर छायाचित्रेही काढली. पोलिसांच्या ताब्यात दिल्यावर थोड्याच वेळात तो मरण पावला. २०२३ मध्ये न्यायालयाने चौदा जणांना दोषी ठरविले. मारणारे कोणी राक्षस नव्हते, आपल्यासारखेच बाजारात येणारे जाणारे लोक होते. चोर पकडला या आनंदात माणूस किती लवकर आपले माणूसपण विसरतो! शलमोनाच्या काळातील लोक भुकेल्या चोराचा तिरस्कार करीत नसत. आपण त्यांच्याहून पुढे गेलो की मागे?

या तिरस्काराला जातीचाही रंग चढतो. इंग्रज सरकारने १८७१ मध्ये गुन्हेगार जमातींचा कायदा करून जन्मतःच माणसांच्या कपाळी चोर हा शिक्का मारला. तो कायदा देशभरातून १९५२ मध्ये गेला, पण आपल्या महाराष्ट्रात गावात चोरी झाली की पारध्यांच्या पालांकडे बोट दाखविण्याची खोड गेलेली नाही. तंजावरकडेही असाच एक समाज चोर म्हणून ओळखला जाई. श्वार्ट्झने तो चोर आहे की नाही याची चर्चा केली नाही. त्या लोकांपैकी काही जण उपदेश ऐकण्यास आले तेव्हा त्याने त्यांना शिकविले, कष्ट करण्यास सांगितले आणि नंतर स्वतः त्यांची शेते पाहावयास गेला. शेते उत्तम राखलेली होती आणि पुढे साराही वेळेवर भरला गेला. त्यांच्याविरुद्ध एकच तक्रार उरली, ती त्यांच्याच जुन्या सोबत्यांची : हे आता आमच्याबरोबर लुटीला येत नाहीत! पौल इफिसकरांस लिहितो की चोरी करणाऱ्याने पुन्हा चोरी करू नये, हातांनी श्रम करावे. आणि कशासाठी, तर गरजवंताला देण्यास आपल्याजवळ काही असावे म्हणून. कालचा चोर उद्याचा दाता होईल अशी पौलाची अपेक्षा आहे. ती आपल्या अपेक्षेहून कितीतरी मोठी आहे. पण त्यासाठी त्याच्याजवळ कसण्यास शेत हवे, किंवा मंडळीने मिळवून दिलेले काम हवे.

दुसरी गोष्ट श्वार्ट्झच्या मृत्यूनंतरची आहे. १७८७ मध्ये मरणापूर्वी तुळजाजीराजांनी सरफोजी या बालकाला दत्तक घेतले आणि श्वार्ट्झच्या हाती सोपविले. हा मुलगा पुढे सरफोजीराजे म्हणून १७९८ मध्ये गादीवर आला. त्याच वर्षी श्वार्ट्झ प्रभूजवळ गेला. राजांनी आपल्या या गुरूवर पुत्रवत् प्रेम केले, पण ते ख्रिस्ती झाले नाहीत, आणि श्वार्ट्झनेही त्याचा हट्ट धरला नाही. लवकरच राज्यकारभार कंपनीच्या हाती गेला. तेव्हा १८०१ मध्ये सरफोजीराजांनी कंपनीच्या रेसिडेंटला पत्र लिहून आपल्या घराण्याची अन्नछत्रे चालू राहावीत अशी कळकळीची विनंती केली आणि तेथे काय चालते ते सविस्तर कळविले. ब्राह्मणापासून परयापर्यंत जो वाटसरू येईल त्याला शिजविलेला भात मिळे. ज्याला शिजविलेला नको त्याला कोरडा शिधा. आजाऱ्याला औषध आणि पथ्याचे जेवण मिळे. परक्या वाटसरूंची पोरकी मुले छत्रातील पंतोजीच्या हवाली केली जात आणि त्यांना दिवसातून तीनदा खाऊ घालीत.

या पत्रातील एक तपशील मला विसरता येत नाही. हे अन्नदान मध्यरात्रीपर्यंत चाले, आणि मग घंटा वाजवून पुकारा केला जाई की ज्यांचे अद्याप जेवण झाले नसेल त्यांनी यावे, त्यांच्यासाठी भात तयार आहे. दिवसभर लाजेने किंवा उशिरा पोहोचल्यामुळे जे आले नाहीत ते अंधारात येऊ शकत. चोरीसाठी माणसे बाहेर पडतात त्याच वेळी ही घंटा वाजत असे! पकडल्यानंतर दया करण्याचा प्रश्न आपण चर्चेला घेतो. त्या राजाच्या छत्रात हात पुढे होण्यापूर्वीच हाक दिली जात होती. लेवीयात परमेश्वराने शेतमालकाला जे सांगितले तेच हे. तमिळनाडूत पुढे १९८२ मध्ये शाळांतील मुलांना दुपारचे जेवण देण्याची योजना मोठ्या प्रमाणावर सुरू झाली, आणि २०२२ पासून शासकीय प्राथमिक शाळांत सकाळची न्याहारीही सुरू झाली. छत्राची घंटा तेथे अगदीच बंद पडलेली नाही.

आपल्या मंडळ्यांत कापणीच्या सणाला वेदीसमोर भोपळे, तांदळाची पोती, नारळ आणि कोंबड्याही येतात. नंतर त्यांचा लिलाव होतो, चढाओढीने बोली लागते, आणि पैसे मंडळीच्या निधीत जमा होतात. निधीही हवाच, देवळाचे छप्पर गळते आहे हे मला ठाऊक आहे. पण त्या पोत्यांपैकी एक पोते लिलावाविना बाजूला ठेवावे, ते पाळकसाहेबांच्या घरी न ठेवता अशा एखाद्या आजीच्या घरी ठेवावे जिच्याकडे जाताना कोणाला लाज वाटणार नाही, आणि किती नेले याची नोंद कोणी विचारू नये, एवढे पंच मंडळींच्या पुढील सभेत मांडता येईल. जवळच्या वाण्यालाही सांगून ठेवता येईल की डाळतांदळाच्या किंवा दुधाच्या पावडरीच्या बाबतीत कोणी सापडले तर आरडाओरडा करण्यापूर्वी आमच्याकडे मुलगा पाठवा, तुमचे पैसे आम्ही देऊ. त्याने एकदा तरी मुलगा पाठविला, तर पैसे देऊन झाल्यावर त्या बाईबरोबर तिच्या घरापर्यंत चालत जा. शिधापत्रिका आहे का, नसेल तर कशामुळे नाही, नवरा कामावर जातो का, की त्याची मजुरी कोणी अडविली आहे, हे तिच्या उंबऱ्याशी बसल्यावरच कळेल. मजुरी अडविणारा मनुष्य रविवारी आपल्याच शेजारच्या बाकावर बसत असेल, तर त्याच्याकडेही त्याच संध्याकाळी जावे लागेल.